अल्कधर्मी इंधनघट आणि त्यातील पटलाचा टिकाऊपणा

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत रसायनशास्त्राचा लेख पाहून कित्येक सभासद बंधूंस आश्चर्य वाटेल. परंतु हायड्रोजन हा शब्द आता प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिलेला नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली व त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. तेव्हापासून या धंद्यात भांडवल घालावे काय, असा प्रश्न आपल्या घरांतील तरुण मंडळी वडीलधाऱ्यांना विचारू लागली आहेत. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. तथापि ज्या मालात पैसा घालावयाचा त्याचे गुणदोष आधी समजून घ्यावेत, हा आपल्या पेढ्यांचा जुना शिरस्ता आहे. त्या शिरस्त्यास अनुसरून या विषयाचा जो अभ्यास आम्ही केला, तो सोप्या शब्दांत येथे मांडीत आहोत. मोठ्या यंत्राचे वर्णन आम्ही करणार नाही. त्या यंत्राच्या पोटात जो एक पातळ पडदा असतो तो किती दिवस टिकतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण सर्व हिशेब अखेर त्या पडद्यापाशी येऊन थांबतो.

इंधनघट म्हणजे काय?

हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग झाला म्हणजे पाणी तयार होते व ऊर्जा बाहेर पडते. हा संयोग ज्वालेने घडविला तर उष्णता मिळते. तोच संयोग दोन ध्रुवांवर अर्धा-अर्धा वाटून घडविला तर सरळ वीज मिळते. ज्या साधनात असे घडते त्यास इंधनघट म्हणतात. त्याचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश गृहस्थांनी १८३९ साली दाखवून दिले. ते व्यवसायाने वकील होते व पुढे न्यायाधीशही झाले. साध्या बॅटरीत भरलेला माल संपतो. इंधनघटात मात्र एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा येत राहील तोपर्यंत वीज मिळत राहते. धूर नाही, धडधड नाही, बाहेर पडते ते केवळ पाणी.

दोन ध्रुवांच्या मध्ये एक माध्यम लागते. त्याने विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, इकडून तिकडे जाऊ द्यावेत. परंतु हायड्रोजन व ऑक्सिजन यांना एकमेकांत मिसळू देऊ नये. हे माध्यम आम्लधर्मी असू शकते किंवा अल्कधर्मी असू शकते. पापडखार, साबणाला लागणारा दाहक सोडा, दाहक पोटॅश ही अल्कलीची आपल्या परिचयाची उदाहरणे होत.

अल्कलीच्या मार्गाचा लाभ

आम्लाच्या मार्गाने चालणारे इंधनघट आज रस्त्यावर धावत आहेत. टोयोटा कंपनीने २०१४ च्या अखेरीस अशी मोटार बाजारात आणली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुणे येथे जी स्वदेशी हायड्रोजन बस दाखविण्यात आली तिचा घटही आम्लधर्मी पटलाचाच होता. या घटांतील पटल कार्बन व फ्लोरिन यांच्या साखळीचे असते. ड्युपाँट कंपनीने १९६० च्या दशकात शोधलेले नॅफिऑन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ते टिकाऊ आहे. परंतु आम्लाच्या सहवासात निकेलसारखा स्वस्त धातू विरघळून जातो. म्हणून ध्रुवांवर उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम घालावे लागते, आणि प्लॅटिनमचा भाव सर्वांस ठाऊक आहे.

अल्कलीत निकेल सुरक्षित राहतो. ऑक्सिजनच्या बाजूची क्रियाही अल्कलीत सुलभ होते व तेथे चांदी किंवा त्याहून स्वस्त उत्प्रेरकांवर काम भागू शकते. अर्थात् मार्ग स्वस्त होण्याची आशा आहे. परंतु या मार्गास शोभेल असे टिकाऊ पटल मिळणे हीच मोठी अडचण होऊन बसली.

द्रव पोटॅशचे घट

प्रथम पटलावाचून काम चालविण्यात आले. फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याने १९३२ पासून दाहक पोटॅशच्या द्रावणावर प्रयोग केले व १९५९ साली केंब्रिज येथे वेल्डिंगचे यंत्र, करवत व माल उचलणारी गाडी चालवील असा घट लोकांस दाखविला. त्याच धर्तीचे घट अमेरिकेने अपोलो यानांत बसविले. चंद्राकडे जाणारे अंतराळवीर त्या घटांतून निघालेले पाणी पीत असत. पुढे १९८१ ते २०११ या काळात उडालेल्या स्पेस शटल यानांतही अल्कधर्मी घटच होते; त्यांत पोटॅशचे द्रावण अ‍ॅस्बेस्टॉसच्या थरात मुरवून ठेवलेले असे.

अंतराळात शुद्ध ऑक्सिजन बरोबर नेला जातो. जमिनीवर मात्र साधी हवा वापरावी लागते. हवेत सुमारे ०.०४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. प्रमाण क्षुल्लक दिसते, परंतु तो वायू पोटॅशशी संयोग पावून पोटॅशियम कार्बोनेट होते, त्याचे खडे ध्रुवांच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात व घट मंदावतो. शिवाय दाहक द्रव गळण्याची भीती असतेच. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी अशी कल्पना काढली की, द्रवाऐवजी अल्कलीचा गुण असलेले घन पटलच बनवावे. त्यात सुटा पोटॅशियम नसल्याने कार्बोनेटचे खडे बसणार नाहीत व गळतीही होणार नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडने अशा पटलाची वाहकता काही प्रमाणात घटते हे खरे. परंतु छिद्रे बुजण्याचे मोठे संकट टळते.

पटलाची घडण

हे पटल बहुवारिकाचे, म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचे, बनलेले असते. प्लॅस्टिक हे बहुवारिकच होय. पटलाची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी असते. साखळीच्या कण्यावर ठिकठिकाणी नायट्रोजनचा एक अणू बसविलेला असतो व त्याला चार बाजूंनी कार्बनचे चार हात जोडलेले असतात. असा चार हातांचा नायट्रोजन कायम धनभारित राहतो. शास्त्रात त्यास चतुष्क अमोनियम गट म्हणतात. आपण त्यास खुंटी म्हणू.

ऑक्सिजनच्या ध्रुवावर पाणी व ऑक्सिजन यांपासून हायड्रॉक्साइड हा ऋणभारित आयन तयार होतो. तो पटलातून पलीकडे जातो व हायड्रोजनच्या ध्रुवावर हायड्रोजनशी मिळून पुन्हा पाणी होतो. वखारीत हमालांची रांग उभी असली म्हणजे पोते हातोहात पुढे सरकते. तद्वत् हायड्रॉक्साइड एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीकडे, वाटेतील पाण्याच्या साह्याने, सरकत जातो. रांगेतील हमाल एकेक करून निघून गेले तर माल जागीच अडेल. पटलातही खुंट्या गळू लागल्या म्हणजे वीज घटू लागते.

खुंट्या का गळतात?

येथे या विषयाचे मर्म आहे. ज्या हायड्रॉक्साइडला वाट देण्यासाठी खुंट्या बसविल्या, तोच त्यांचा नाश करतो. हायड्रॉक्साइड हा स्वभावतः धनभाराच्या शोधात असतो. तो खुंटीवर मुख्यतः दोन प्रकारे हल्ला करतो.

पहिला प्रकार असा. नायट्रोजनला लागून जो कार्बन असतो त्याच्या पुढच्या कार्बनवरील हायड्रोजन हायड्रॉक्साइड ओढून घेतो. त्यायोगे पाणी तयार होते, हात तुटतो व नायट्रोजन आपला भार गमावून मोकळा होतो. ही क्रिया ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनज्ञाने १८५१ साली वर्णिली. त्यांचेच नाव तिला मिळाले आहे. दुसऱ्या प्रकारात हायड्रॉक्साइड नायट्रोजनला लागून असलेल्या कार्बनवरच चाल करतो, तेथे स्वतः चिकटतो व नायट्रोजनला ढकलून देतो. दोहोंचा परिणाम एकच: खुंटी गेली.

तिसरा धोका कण्यास असतो. पॉलिसल्फोन नावाचे प्लॅस्टिक अल्कलीत उत्तम टिकते, म्हणून प्रारंभी अनेकांनी त्याचाच कणा घेतला. परंतु त्यावर खुंट्या बसविताच तो कणा अल्कलीत तुटू लागला. ख्रिस्तोफर आर्जेस व विजय रमणी या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, खुंटीचा धनभारच कण्यातील सांधे दुबळे करतो. कणा एकटा घेतला तर टिकाऊ होता. खुंटीचा शेजार लाभताच त्याची ताकद गेली. कण्यात जेथे दोन कड्या ऑक्सिजनच्या अणूने सांधलेल्या असतात तेथे ही तूट विशेषेकरून होते. फ्लोरिनयुक्त साखळी घेऊन सुटका होईल असेही सर्वत्र म्हणता येत नाही. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हे प्लॅस्टिक अल्कलीत फ्लोरिन गमावते व काळपट पडते. कणा तुटला म्हणजे पटल ठिसूळ होते, त्यास भेगा जातात, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र येण्याचा धोका उत्पन्न होतो. खुंटी गळाली तर वीज घटते. कणा तुटला तर घट बंदच करावा लागतो.

टिकाऊ खुंटीचा शोध

यावर उपाय शोधताना एक मनोरंजक गोष्ट उघडकीस आली. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील मॅक्स प्लँक संस्थेत मारिनो व क्रॉयर या दोघांनी निरनिराळ्या खुंट्यांची एकाच कसोटीवर परीक्षा घेतली व २०१५ साली निकाल प्रसिद्ध केले. कसोटी अतिशय कडक होती. एका लिटरमध्ये सुमारे २४० ग्रॅम दाहक सोडा असे द्रावण, आणि तापमान १६० अंश सेल्सिअस. पूर्वीच्या पटलांत सर्रास वापरली जाणारी बेंझिल जातीची खुंटी या द्रावणात सुमारे ४ तासांतच अर्धी नष्ट झाली. पिपेरिडिनियम नावाच्या कडीच्या आकाराच्या खुंटीस अर्धे होण्यास सुमारे ८७ तास लागले, आणि दोन कड्या एकत्र गुंफलेल्या एका खुंटीस ११० तास.

कागदावरील नियमाने पाहता पिपेरिडिनियम लवकर नष्ट व्हावयास हवी होती, कारण हॉफमनच्या क्रियेस लागणारा हायड्रोजन तिच्यापाशी आहे. परंतु ती क्रिया घडण्यास हायड्रोजन व नायट्रोजन यांनी एका विशिष्ट कोनात यावे लागते, आणि कडीच्या बंद आकारामुळे त्यांना सहजासहजी त्या कोनात येता येत नाही. आकारानेच तिचे रक्षण केले. मात्र हीच कडी ताठर कण्याला अशा रीतीने जखडली की तिच्यावर ताण पडेल, तर तिचे आयुष्य घटते. सुटी खुंटी व कण्यावरील खुंटी यांचा हिशेब म्हणूनच वेगवेगळा ठेवावा लागतो.

या ज्ञानाचा उपयोग करून अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात युशान यान यांच्या मंडळींनी ऑक्सिजनचा सांधा नसलेल्या कण्यावर पिपेरिडिनियमच्या खुंट्या बसविल्या. २०१९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, या पटलाचा घट ९५ अंश सेल्सिअस तापमानास ३०० तास स्थिरपणे चालला. कॅनडातील स्टीव्हन होल्डक्रॉफ्ट यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी धनभार कण्यातच ठेवला व त्याच्या भोवती अणूंचे मोठे गट उभे करून हायड्रॉक्साइडचा मार्ग अडविला.

पाण्याचे महत्त्व

आम्ही धान्याचे व्यापारी असल्याने पुढील गोष्टीने आमचे लक्ष विशेष वेधून घेतले. धान्याला ओल लागली की माल गेला, म्हणून आपण वखार कोरडी ठेवतो. या पटलाचे उलट आहे. त्यास कोरडेपणा बाधतो.

हायड्रॉक्साइडभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते तोपर्यंत त्याचा दाहकपणा आवरलेला राहतो. पाणी कमी झाले, कडे विरळ झाले, म्हणजे तो उघडा पडतो व खुंटीवर अनेक पटींनी अधिक जोराने तुटून पडतो. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेतील दारिओ डेकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले की, पाणी अत्यल्प असेल तर नेहमीच्या खोलीच्या तापमानालासुद्धा या खुंट्या झपाट्याने नष्ट होतात.

आता घटातील क्रिया आठवावी. ऑक्सिजनच्या ध्रुवावर पाणी खर्च होते व हायड्रोजनच्या ध्रुवावर ते तयार होते. वीज जितकी अधिक ओढावी तितका ऑक्सिजनकडचा भाग कोरडा पडत जातो. म्हणजे घटावर जेव्हा कामाचा भार अधिक, नेमके तेव्हाच पटलाचा तो भाग अधिक संकटात असतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पटलाचे तुकडे काचेच्या भांड्यात पोटॅशच्या द्रावणात बुडवून घेतलेली परीक्षा अपुरी होय. भांड्यात पाणी मुबलक असते. चालू घटात ते नसते. पोत्याच्या तोंडाशी दिसणारे दाणे पाहून कोणी सौदा करीत नाही. बंबी घालून आतला माल पाहतो. भांड्यातील परीक्षा ही तोंडाशी दिसणारी वानगी आहे, आणि चालू घटातील परीक्षा ही बंबीने काढलेली.

आजची स्थिती

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारीच्या घटासाठी ८,००० तास टिकण्याचे अंतिम उद्दिष्ट ठेवले आहे, आणि मालवाहू मोठ्या ट्रकसाठी २०३० पर्यंत २५,००० तासांचे. ८,००० तास म्हणजे अखंड चालविल्यास सुमारे ११ महिने. २५,००० तास म्हणजे पावणेतीन वर्षांहून थोडे अधिक. त्यापुढे २०१९ चे ३०० तास, म्हणजे साडेबारा दिवस, फारच तोकडे दिसतात. त्यानंतर हजार-दोन हजार तासांचे निकालही प्रसिद्ध झाले आहेत. प्रगती निःसंशय आहे, परंतु मजल अजून लांब आहे.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डेलावेअरच्या त्या घटास जी हवा दिली ती कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकलेली होती, आणि त्याच्या ध्रुवांवर थोडे का होईना प्लॅटिनम होते. हायड्रोजनच्या बाजूची क्रिया अल्कलीत मंद होत असल्याने तेथे उत्तम निकालांसाठी आजही बहुधा प्लॅटिनम किंवा त्याचे मिश्रण घालावे लागते. ज्या बचतीसाठी अल्कलीचा मार्ग धरला ती बचत अद्याप पुरती पदरात पडलेली नाही.

याच जातीची पटले पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या विद्युत् विच्छेदक यंत्रांतही वापरली जातात व अशी यंत्रे बाजारात आली आहेत. तेथे पाणी भरपूर असल्याने पटलास कोरडेपणाचा जाच कमी होतो. म्हणून आमच्या मते या पटलांचा व्यापारी उपयोग प्रथम तेथे वाढेल व इंधनघटात मागाहून.

व्यापाऱ्याने काय विचारावे?

एवढा अभ्यास केल्यावर आपल्या तरुण सभासदांनी ध्यानात ठेवावे असे पाच प्रश्न आम्ही येथे देतो. हायड्रोजनच्या धंद्याचे कागद घेऊन कोणी पेढीवर आला तर त्यास हे अवश्य विचारावेत.

१. पटल किती तास टिकले, ते कोणत्या तापमानाला? ६० अंशांवरील तास व ९५ अंशांवरील तास एका भावाने मोजता येत नाहीत.

२. परीक्षा भांड्यातील द्रावणात झाली की चालू घटात? घटात झाली असल्यास किती वीज ओढली व ओलावा किती राखला?

३. शेवटी काय मोजले? केवळ वाहकता मोजली असेल तर कण्याची मजबुती कळत नाही. पटल वाकविल्यास तुटते काय, हेही विचारावे.

४. हवा साधी होती की कार्बन डाय-ऑक्साइड काढलेली? तो वायू काढण्याचा खर्च कोणाच्या हिशेबी धरला आहे?

५. ध्रुवांवर प्लॅटिनम किती आहे? आणि पटल बदलावे लागल्यास त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या कितवा हिस्सा?

या पाचांपैकी एकाचेही उत्तर देताना जो घुटमळेल, त्याच्याशी सौदा करण्याची घाई करू नये. केवळ तासांचा आकडा सांगणे म्हणजे ओलाव्याचे प्रमाण न सांगता धान्याचे वजन सांगण्यासारखे आहे. ओल धरून मोजलेल्या शंभर किलो धान्यात खरे धान्य किती, हे आपल्यापैकी कोणासही समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्याने पाचही उत्तरे कागदावर लिहून दिली, त्याचा आकडा लहान असला तरी त्याचे म्हणणे पुढे ऐकून घ्यावे. कारण आपल्या मालाची मर्यादा ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी हिशेब करता येतो.

विद्यार्थ्यांसही एक विनंती करावीशी वाटते. आपल्या कुटुंबांतील बहुतेक मुले वाणिज्य शाखेकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्यास रसायनशास्त्राची गोडी असेल त्यास घरातून उत्तेजन मिळावे. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून व भावनगर येथील मीठ व सागरी रसायनांची संशोधन संस्था १९५४ पासून कार्य करीत आहे. बहुवारिके व पटले यांचे काम या दोन्ही ठिकाणी चालते. जी वस्तू उद्या आपण विकणार किंवा विकत घेणार, तिचे गुणदोष जाणणारा एक तरी मनुष्य घरात असणे पेढीच्या हिताचे आहे.

विषय कठीण असल्यामुळे लेख लांबला. एका वाचनात सर्व ध्यानात आले नाही तर खुंट्या व पाणी यांविषयीचे दोन भाग पुन्हा वाचावेत. बाकीचे आपोआप उलगडेल. पटलाचे आयुष्य हे त्याच्या कण्यावर, खुंटीवर, तापमानावर व ओलाव्यावर मिळून ठरते. यांतील एकही बाब गाळून सांगितलेले आयुष्य हिशेबात धरू नये, एवढे लक्षात राहिले तरी आमचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.